एक थर जास्त

१

पेनवाल्या ताईंचा दिवस अंगवळणी पडलेला होता. सकाळी साडेसातला चहाचा कप विसळून पालथा घालायचा, केस फडक्यात घट्ट बांधायचे, तंतू न सुटणारा नायलॉनचा झगा अंगात चढवायचा आणि जिना चढून वरच्या खोलीत जायचं. त्या खोलीत पंखा नव्हता, पडदा नव्हता, खुर्चीवर साधी गादीही नव्हती. ओल्या रोगणावर धुळीचा एक कण बसला की चार दिवसांची मेहनत पाण्यात. चिमी म्हणायची, "इथं शिंकायचं असेल तर आठ दिवस आधी अर्ज द्यावा लागतो."

चिमी म्हणजे ताईंची धाकटी बहीण. तिचं घर दोन गल्ल्या पलीकडे, पण दिवसभर ती इथेच. खालच्या खोलीत ताई लेथवर पेनं घडवायच्या आणि वर चिमी त्यांना जपानी रोगण चढवायची. झाडाच्या खोडाला चरे पाडून काढलेला तो चीक. ओला असताना भल्याभल्यांची कातडी फोडतो, आणि वाळला की पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. ताईंना तो कधीच सोसला नाही. एक थेंब लागला तरी कोपरापर्यंत हात सुजायचा. चिमी मात्र उघड्या बोटांनी काम करायची. त्यामुळे कामाची वाटणी करायला दोघींना कधी भांडावं लागलं नाही. बाकी सगळ्यावरून भांडण व्हायचं.

चिमीला जाऊन पाच महिने झाले होते. आता वरचं कामही ताईच करत, कोपरापर्यंत हातमोजे घालून, कूर्मगतीनं. नवी कामं त्यांनी घेतली नव्हती. एकच पेन हातात होतं.

ते चिमीनंच आपल्या मुलीसाठी, मनीसाठी, सुरू केलेलं. अठरा थर देऊन झाले होते, आणि मग ती दवाखान्यात गेली ती गेलीच. मनीला दुसऱ्या शहरात नोकरी लागली होती. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला हजर व्हायचं होतं.

"मावशी, पहिली सही मला आईच्या पेनानं करायचीय," ती म्हणाली होती. "करशील ना पुरं?"

"करीन की. आणखी सहा थर, बस."

२

थर देणं म्हणजे रंग फासणं नव्हे. कागदाहून पातळ हात फिरवायचा, पेन काडीवर अडकवून दमट कपाटात आडवं ठेवायचं आणि पहिला तासभर दर पाच मिनिटांनी काडीला पाव वळसा द्यायचा, नाहीतर रोगण एका बाजूला ओघळतं. काडी खाचेत बसली की बारीक आवाज येतो. टक. मग दार लावून घ्यायचं. हे रोगण उन्हात वाळत नाही, त्याला ओल लागते. म्हणून कपाटात आत ओलं फडकं टांगलेलं असतं. दोन-तीन दिवसांनी थर पक्का झाला की ओल्या कोळशानं हलकेच घासायचा आणि पुढचा चढवायचा.

एका थरानं पेनाची जाडी मिलिमीटरच्या सहा शतांशांनी वाढते. ताई जन्मभर लेथवर बसलेल्या. मोजल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. एकोणिसावा थर पक्का झाल्यावर त्यांनी पेनाला व्हर्नियर लावला.

बारा शतांश.

चष्मा पुसून त्यांनी पुन्हा मोजलं. तीन ठिकाणी मोजलं. बाराच.

'वय झालं,' त्यांनी मनाशी म्हटलं. 'हात जड पडला असेल.' पण जड थराला सुरकुत्या येतात, आणि हा तर आरशासारखा सपाट होता. ताईंचा थर इतका सपाट कधीच बसला नव्हता. थोडा अभिमानही वाटला त्यांना. त्यांनी तो अभिमान ठेवून घेतला आणि शंका बाजूला सारली.

विसावा थर दिल्यावर मात्र त्यांनी कपाटाच्या दोन्ही दारांवर मिळून एक कागदाची पट्टी चिकटवली. स्वतःचंच हसू आलं. चोर येऊन काय करणार, तर थर देऊन जाणार!

तिसऱ्या दिवशी पट्टी जशीच्या तशी होती. त्यांनी ती नखानं सोडवली, पेन बाहेर काढलं, मोजलं. पुन्हा बारा.

ताई बराच वेळ ती पट्टी हातात धरून बसल्या. ती एवढंच सांगत होती की बाहेरून कुणी दार उघडलेलं नाही.

३

त्यांनी कारणं शोधली. हवा बदलली असेल. व्हर्नियर बिघडला असेल. लेथवरच्या पोलादी मापावर तो तपासला, तर बिनचूक निघाला. चिकात भेसळ असेल, म्हणून तो फुगत असेल. हे शेवटचं कारण त्यांना बरं वाटलं. व्यापाऱ्याला फोन करून झाडायचं असं ठरवून त्या खाली गेल्या आणि फोन न करताच लेथ पुसत बसल्या.

एकविसाव्या थराच्या दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की फडकं भिजवायचंच राहून गेलं होतं. ताईंनी कपाळावर हात मारून घेतला आणि दार उघडलं. फडकं कोरडं, कडक, पापडासारखं झालेलं. पण कपाटाच्या लाकडी भिंतींवर दव साचलं होतं. आतून ऊब आली. बंद खोलीत कुणीतरी झोपलेलं असलं की दार उघडल्यावर येते तशी. ताईंनी हात आत धरला. ऊब थोडी कमी झाली, थोडी वाढली, पुन्हा कमी झाली.

त्यांनी दार लावलं. सावकाश, आवाज न करता, झोपलेल्याची झोप मोडू नये तसं. आपण असं का केलं हे त्यांना जिना उतरून गेल्यावर उमगलं.

खाली चहा टाकताना वरून आवाज आला.

टक.

ताईंनी घड्याळाकडे पाहिलं. पाच मिनिटांनी पुन्हा आला. कप तसाच गार झाला. तासाभरात बारा वेळा आवाज आला, आणि मग थांबला.

४

बाविसाव्या थराला सुरुवात करण्याआधी त्यांनी पेन कोळशानं जरा जास्तच घासलं, मागच्या टोकाला, जिथं कुणाचं लक्ष जात नाही तिथं. काळ्याखालून लाल उजळलं.

लाल थर ताईंनी दिलाच नव्हता. घरात लाल रोगण नव्हतंच. चिमीची लाल वाटी केव्हाच दगड होऊन पडली होती. पण तो लाल कशासाठी हे त्यांना ठाऊक होतं. चिमीनंच सांगितलं होतं, दवाखान्यात जायच्या आदल्या आठवड्यात, ह्याच खिडकीपाशी.

"शेवटच्या काळ्याच्या खाली मी लाल ठेवणार आहे, ताई. मनी वीसेक वर्षं लिहील, बोटं लागून लागून काळा झिजेल, आणि मग हळूच लाल वर येईल. तेव्हा मी नसेन."

"अभद्र बोलू नकोस."

"अग, वीस वर्षांनी म्हणतेय. तोवर तूही नसशील, मोजायला!" आणि ती खिदळली होती.

ताईंनी भिंग लावून पाहिलं. प्रत्येकाच्या हाताला वळण असतं. ताईंचा ब्रश उजवीकडून डावीकडे जाई. चिमी डावखुरी. त्या लालावरच्या केसाएवढ्या रेषा डावीकडून उजवीकडे गेल्या होत्या.

भीती वाटायला हवी होती, आणि वाटलीही. पण भीतीच्या आधी, तिला ढकलून, दुसरंच काही वर आलं, आणि ताई ते पेन छातीशी धरून रडल्या. पाच महिन्यांत पहिल्यांदाच.

५

त्या रडण्यामागे एक गोष्ट होती. ताईंनी ती कुणापाशी बोलून दाखवली नव्हती.

चिमी गेली त्या दिवशी सकाळी दहा वाजता तिच्या नवऱ्याचा फोन आला होता. तो शाळेत शिकवायचा, म्हणून घरीदारी सगळे त्याला मास्तरच म्हणत. "ताई, या," एवढंच तो म्हणाला. चिमी दवाखान्यात, म्हणून ताईंनीच हातमोजे घालून नुकताच एका गिऱ्हाईकाच्या पेनाला थर दिला होता. "तासाभरात निघते," त्या म्हणाल्या, आणि तासभर तिथं बसून त्यांनी त्या पेनाला पाव पाव वळसे दिले. दवाखान्यात पोचल्या तेव्हा चिमीला जाऊन वीस मिनिटं झाली होती. तिचा हात अजून गरम होता.

चिमीनं शेवटी काय म्हटलं, हे त्यांनी मास्तरांना कधी विचारलं नाही. विचारायची छातीच होत नव्हती. लाल दिसला त्या दिवशी दुपारी त्यांनी फोन लावला.

"मास्तर, एक विचारू? त्या दिवशी ती माझ्यावर रागावली होती का?"



"तुम्ही आत्ता विचारताय, ताई?"

"आत्ताच विचारतेय."

"नाही हो. मी दुसऱ्यांदा फोन करत होतो तुम्हाला. तिनं माझा हात धरला. म्हणाली, नका करू, ताईचा थर ओला असेल. मी काही ऐकून घेणार नव्हतो, पण तिनं हात सोडलाच नाही. मग म्हणाली, मी थांबते."

"थांबते?"

"असंच म्हणाली. ताईचं होईपर्यंत मी थांबते."

ताईंनी फोन ठेवला. रागावलेल्या माणसाची समजूत काढता येते, पाया पडता येतं. पण जे माणूस रागावलेलंच नाही, नुसतं थांबलंय, त्याच्यापुढे काय करायचं?

वर टक झालं.

६

त्यानंतर ताईंनी मोजण्यापलीकडे पेनाला हात लावला नाही. तरी ते वाढत राहिलं. दर दोन दिवसांनी सहा शतांश.

एका दुपारी जेवण झाल्यावर वरच्या खोलीतच, खिडकीजवळच्या खुर्चीत, त्यांचा डोळा लागला. जाग आली तेव्हा उन्हाचा पट्टा टेबलावरून भिंतीवर सरकला होता. कपाटाचं एक दार बोटभर उघडं होतं. ताईंनी डोळ्यांवरची बट मागे सारायला हात उचलला आणि मध्येच थबकल्या.

उजव्या अंगठ्याचं नख काळं होतं. काळं आणि लखलखीत. खिडकीची चौकट त्यात बारीक होऊन वाकलेली दिसत होती. थर नखापुरता नव्हता. अंगठ्याच्या पेराच्या सुरकुत्या बुजवून तो पहिल्या सांध्यापर्यंत आला होता आणि तिथं एका सरळ, सुबक रेषेवर थांबला होता. कच्चं काम ठेवणाऱ्यातली नव्हेच ती.

ताई धावत खाली गेल्या. तेल चोळलं, स्पिरिट चोळलं. वाळलेलं रोगण कशानं निघतंय! मग त्या सूज यायची वाट बघत बसल्या. संध्याकाळपर्यंत हात पखालीसारखा फुगणार, खाज सुटणार, डॉक्टर, इंजेक्शन... जन्मभराचा अनुभव होता. संध्याकाळ झाली. सूज आली नाही, खाज आली नाही. त्यांनी अंगठा दाराच्या कडेवर दाबून पाहिला. दाब मनगटात कळला, अंगठ्यात नाही.

७

मनी दोन दिवसांनी आली. नोकरीच्या गावी निघायची घाई होती. चेहरा आईचाच, कपाळावर आठी घालायची लकबही आईचीच.

"मावशी, झालं का ग पेन?"

ताईंनी उजवा हात पदराखाली घेतला. काल सकाळी त्यांनी पेन मनीला द्यायचं म्हणून डबीत भरलं होतं, आणि तेव्हापासून दुपारपर्यंत वरची खोली गप्प होती. कपाट कोरडं, थंड, नुसतं लाकूड. ती शांतता ताईंना चार तासही सोसवली नव्हती. त्यांनी पेन परत आत ठेवलं होतं.

"बाळा, त्याला तडा गेला," त्या म्हणाल्या.

मनीचा चेहरा उतरला. "तडा? कसा?"

"जातो कधीकधी. माझा हात काही तिच्यासारखा नाही."

"मग तसंच दे. तडा गेलेलं चालेल मला."

"टाकून दिलं."

"टाकून दिलंस?" मनी उभीच राहिली. "मला न विचारता? मावशी, आई काही तुझ्या एकटीची नव्हती!"

ताईंनी पदर हातावर आणखी ओढून घेतला. तेवढ्यात वरून आवाज आला. स्वच्छ, छोटा.

मनीनं छताकडे पाहिलं. "वर कोण आहे?"

"कोणी नाही."

"काहीतरी वाजलं."

"लाकूड असतं. ओलीनं वाजतं."

मनी जिन्याकडे दोन पावलं गेली. पहिल्या पायरीवर पाय ठेवून तिनं मान वर केली, आणि तिच्या मानेवरचे केस उभे राहिलेले ताईंना मागून दिसले. ती वळली तेव्हा तिचा राग कुठच्या कुठे गेला होता.

"इथं आईचा वास येतोय, मावशी," ती अगदी हळू म्हणाली. मग पिशवी उचलली. "तू एकटी राहू नकोस. बाबांकडे जा राहायला. ऐक माझं."

ती गेली. ताईंनी दार लावलं आणि दाराला पाठ लावून खालीच बसल्या. पोरीच्या तोंडचा घास काढून घेतला आपण. चिमी सगळं बघत होती, आणि तरीही रागावणार नव्हती.

८

त्या वर गेल्या तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. खोलीभर लख्ख उजेड होता. भ्यायला काहीच नव्हतं असा उजेड.

कपाटासमोर त्या जमिनीवर बसल्या. पोरवयात पडसं झालं की दोघी वाफेच्या भांड्यासमोर डोक्यावरून चादर घेऊन बसायच्या, तशा.

"चिमे," त्या म्हणाल्या. "मी यायला हवं होतं ग. तो थर गेला असता खड्ड्यात. दुसरा दिला असता."

आतून काही आलं नाही. फक्त ऊब, दाराच्या फटीतून, कमी होणारी आणि वाढणारी.

"तू थांबलीस. मला कळलं. मास्तरांनी सांगितलं. पण पोरीचं पेन जाऊ दे आता. तिची वस्तू आहे ती. घासून, तेल लावून, चकचकीत करून दे, तुझ्या पद्धतीनं. आणि मग... तुझ्या हाताला काम हवंय ना? हाताला काम नसलं की तुला करमत नाही, मला का माहीत नाही?"

त्यांनी हातमोजा घातलाच नाही. डावा दरवाजा वीतभर उघडला.

कपाट हातभर खोल होतं. ताईंनीच बनवून घेतलं होतं ते. त्यांना इंच न्‌ इंच माहीत होता. उजेड दोन विती आत गेला आणि संपला. उजेड संपला तिथं पेन होतं, काडीवर. ते सावकाश वळत होतं. त्याच्या पलीकडे, मागची फळी असायला हवी होती तिथं, काहीतरी ओलसर चमकलं. हाताची मागची बाजू असावी, किंवा गालाचा उंचवटा. ताईंनी नीट पाहिलं नाही. नीट पाहिलं तर ते जाईल असं त्यांना वाटलं. किंवा जाणार नाही, असंही.

त्यांनी उजवा हात आत घातला, मनगटापर्यंत, मग कोपरापर्यंत. बोटांना मागची फळी लागली नाही.

पेन वळायचं थांबलं.

खोलीत काहीही वाजत नव्हतं. मग मनगटाच्या आतल्या बाजूला, जिथं नाडी लागते तिथं, ब्रशचा पहिला गार, मऊ फटकारा बसला. डावीकडून उजवीकडे.

९

महिन्याभरानं मनीला फोन आला. "पेन तयार आहे, येऊन घेऊन जा."

"तडा गेला होता ना?"

"खोटं बोलले मी. ये."

ती सुट्टी काढून आली. ताई दारातच उभ्या होत्या, लांब बाह्यांचा झगा आणि कोपरापर्यंतचे हातमोजे घालून. पेनाची डबी त्यांनी दोन तळहातांच्या मध्ये धरली होती, चिमट्यात धरावी तशी. मनीनं ती उघडली आणि पाहतच राहिली. पेन एवढं काळं होतं की डबीला भोक पडून पलीकडची विहीर दिसावी.

"आईनं केल्यासारखं झालंय, मावशी," ती म्हणाली.

"तिनंच केलंय. मी नुसती होते."

मनीला हे रडवेलं बोलणं वाटलं. तिनं ताईंचा हातमोज्यातला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि दाबला. ताईंनी ते पाहिलं. पाहिलं म्हणून कळलं. तळहात, बोटं, मनगट, कुठूनही तो दाब आत पोचला नाही. मनीच्या चेहऱ्यावर मात्र काहीतरी सरकलं. तिनं हात सोडला, स्वतःच्या तळव्याकडे पाहिलं, पुन्हा ताईंच्या हातमोज्याकडे पाहिलं.

"हात किती कडक झालेत ग. दुखतात का?"

"छे. आता काहीच दुखत नाही."

"डॉक्टरला दाखव. दाखवशील ना? मी बाबांना सांगते."

"सांग हो."

निघताना ती ताईंच्या गळ्यात पडली. अगदी लहानपणी पडायची तशी, डोकं दंडाला टेकवून. दंडावर अजून कातडी होती. झग्याच्या पातळ कापडातून मनीचा गाल लागला, गरम, थोडा ओला. ताई तशाच उभ्या राहिल्या. पोरगी दोन मिनिटं बिलगून राहिली असेल. ती रस्त्याच्या कोपऱ्यावर वळून दिसेनाशी झाली तरी गाल टेकलेली दंडावरची ती जागा गरम होती.

मग ताई जिना चढल्या. गुडघे आता नीट वाकत नसत, प्रत्येक पायरीला कठडा धरून थांबावं लागे. खोलीत ऊन होतं. कपाटाचं दार उघडंच होतं.

त्या समोर बसल्या, झगा खांद्यापासून उतरवला आणि दंडावरच्या त्या जागेकडे हनुवटीनं खूण केली.

"चिमे," त्या म्हणाल्या, "एवढी जागा शेवटी घे."